बारा व्होल्टांचा आड: अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या जोडीचा इतिहास, गुलमंडीच्या रस्त्यावरून

१/२१
संध्याकाळी गुलमंडीच्या वाटेवर कोंडी झाली की एक दृश्य हमखास दिसते. दुचाकींच्या गर्दीत एखादी जुनी, छोटी मोटार अडकलेली असते. तिच्या काचा बंद असतात, तरीही आतल्या गाण्याचा ठोका रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत जाणवतो. डिकीचा पत्रा थरथरतो. गाण्याचे शब्द मात्र बाहेर येत नाहीत. त्या डिकीतल्या अँप्लिफायरच्या खोक्यावर बहुधा ‘१००० वॅट’ असे छापलेले असते, आणि त्याला वीज पुरवणारी बॅटरी असते अवघ्या बारा व्होल्टांची.

हे हजार वॅट खरे असतात का? अँप्लिफायर, स्पीकर आणि सबवूफर यांची जोडी नेमकी कशी जुळवायची? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शंभर वर्षांच्या इतिहासात दडलेली आहेत. (थ्रेड)

२/२१
प्रथम स्थळाविषयी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवले. औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. ‘गुल’ म्हणजे फूल, ‘मंडी’ म्हणजे बाजार; गुलमंडी हा या जुन्या शहराच्या मध्यवर्ती बाजाराचा भाग. येथील सुपारी हनुमान मंदिर सर्वपरिचित आहे.

गणेश विसर्जनाची मिरवणूक असो वा दहीहंडी, शहराचा सार्वजनिक आवाज या रस्त्याने शतकानुशतके ऐकला आहे. ढोल, ताशा आणि सनई यांना बाहेरची शक्ती लागत नसे. वादकाच्या दंडातील किंवा छातीतील बळ हीच आवाजाची मर्यादा होती. विजेने ती मर्यादा मोडली आणि त्याबरोबर एक नवे कोडे निर्माण केले.

३/२१
ते कोडे समजण्यासाठी याच शहरातील एक जुने उदाहरण उपयोगी पडते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधून डोंगराकडचे पाणी शहरात आणले. पुढच्या शतकात पाणचक्कीवर खापरी नळांतून आलेले पाणी उंचावरून पाडून दळणाचे जाते फिरवले जाऊ लागले.

पाणी ज्या उंचीवरून येते, तिच्यावर त्याचा दाब ठरतो. विजेत हा दाब म्हणजे व्होल्ट. नळ जितका अरुंद, तितका अडथळा अधिक. विजेत हा अडथळा म्हणजे ओहम. जाते किती जोराने फिरते, ते काम म्हणजे वॅट. दाबाचा वर्ग करून त्याला अडथळ्याने भागले की वॅट मिळतात. या थ्रेडमधील बहुतेक हिशेब या एका सूत्रावर उभा आहे.

४/२१
आता इतिहासाकडे. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी ऑडिऑन हा व्हॉल्व्ह बनवला आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करण्याचा मार्ग खुला झाला. कॅलिफोर्नियातील पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स’ या नावाने आपल्या ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘महास्वर’.

१९१९ मध्ये सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी याच यंत्रणेतून हजारोंच्या समुदायाला संबोधित केले. वक्त्याच्या फुप्फुसांच्या बळावर ठरणारा सभेचा आकार त्या दिवसापासून यंत्राच्या बळावर ठरू लागला.

५/२१
आज सर्वत्र दिसणारा कागदी शंकूचा स्पीकर त्यानंतर दशकाने आला. जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये तो मांडला. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला शंकू. कॉइलमधून संकेत गेला की शंकू पुढेमागे हलतो. आजचा सबवूफरही याच तत्त्वावर चालतो.

इतिहासाच्या दृष्टीने पुढचा तपशील फार महत्त्वाचा आहे. १९२६ मध्ये हा स्पीकर ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आला, तेव्हा त्याच्याच पेटीत त्याच्यासाठी बनवलेला अँप्लिफायर बसवलेला होता. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी जन्मतःच जुळलेली होती. पुढे बाजाराने ती फोडून दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे विकल्या. मग ती पुन्हा जुळवण्याचे काम गिऱ्हाइकाच्या माथी आले.

६/२१
भारतात हे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते मोटवाने कुटुंबाने. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे आरंभलेला व्यवसाय कराचीमार्गे मुंबईत आला आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यलढ्यातील सभांच्या छायाचित्रांत नेत्यांपुढच्या मायक्रोफोनवर ही अक्षरे आजही वाचता येतात. कंपनीचा कारखाना पुढे नाशिकमध्ये उभा राहिला.

मैदानभर पसरलेल्या श्रोत्यांपर्यंत एकाच व्यासपीठावरून आवाज पोहोचवायचा, तर अनेक भोंगे एका अँप्लिफायरला लांबच लांब तारांनी जोडावे लागत. जोडीचा प्रश्न येथे प्रथम उग्र झाला.

७/२१
लांब तारेत अडथळा असतो. कमी दाबाने अधिक प्रवाह पाठवला, तर शक्ती तारेतच उष्णता होऊन वाया जाते. उपाय असा निघाला की अँप्लिफायरने सुमारे १०० व्होल्टांच्या दाबाने संकेत पाठवायचा आणि प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून तो उतरवायचा. १० वॅटच्या भोंग्यासाठी हा ट्रान्सफॉर्मर तारेला १००० ओहमचा भार दाखवतो, कारण १०० चा वर्ग भागिले १००० म्हणजे १०.

सभामंडपांच्या व्यवसायात या वस्तूला आजही ‘लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर’ म्हणतात. ‘मॅचिंग’ हा शब्द आपल्याकडच्या कारागिरांच्या तोंडी रुळला, त्यात या ट्रान्सफॉर्मरचा मोठा वाटा आहे. भोंग्यांच्या वॅटची बेरीज अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा अधिक होऊ द्यायची नाही, हा त्यांचा साधा नियम होता.

८/२१
मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे आवाज वाढवणे दूरच, सभेत आवाज काढण्यासाठीही पूर्वपरवानगी लागत असे. ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले, ते अशाच बंधनांच्या छायेत.

दुसरीकडे, राज्यकर्त्यांचा स्वतःचा आवाज मात्र वाढत होता. १९४७ मध्ये देशातील संस्थानांत पाच रेडिओ केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. ध्वनिवर्धक कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न या शहराला तेव्हापासून परिचित आहे.

९/२१
आता मोटारीकडे वळू. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसणारा रेडिओ आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. अडचण एकच होती. व्हॉल्व्हला दोनशेच्या घरात व्होल्ट लागत, आणि मोटारीच्या बॅटरीत होते सहा.

लवकरच ‘व्हायब्रेटर’ नावाचा भाग आला. त्यातील धातूची पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत असे. अशा तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरने चढवता येई. मोटारीतील बारीक गुणगुण ही या पट्टीची देणगी होती. मोटारीत मोठा आवाज हवा असेल तर आधी बॅटरीचा दाब चढवावा लागतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे तो काही काळ विस्मरणात गेला.

१०/२१
विस्मरणाचे कारण ट्रान्झिस्टर. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास तो मोटारीच्या रेडिओत पोहोचला. त्याच सुमारास अमेरिकी मोटारी सहावरून बारा व्होल्टांवर आल्या. ट्रान्झिस्टर थेट बारा व्होल्टांवर चालत असल्याने व्हायब्रेटर गेला.

जोडीचा अर्थही बदलला. व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये स्पीकर ४, ८ की १६ ओहमचा, हे पाहून ट्रान्सफॉर्मरचे त्या-त्या आकड्याचे टोक निवडावे लागे. ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा स्वतःचा अडथळा ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. तो स्पीकरच्या ओहमएवढा नसतो आणि नसावाही. ‘दोन्हीकडचे ओहम समान हवेत’ ही समजूत व्हॉल्व्हच्या काळाचा अवशेष आहे. आता पाहायचे ते एवढेच, की स्पीकरचा भार अँप्लिफायरला पेलवणाऱ्या किमान ओहमच्या खाली जात नाही ना.

११/२१
भारतीय रस्त्यांवर अनेक वर्षे अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचेच राज्य होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट १९८० च्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि भजने, कव्वाल्या, भीमगीते, चित्रपटगीते मोटारीच्या डेकमध्ये शिरली. मराठवाड्याच्या लांब रस्त्यांवर हा डेक मोठी सोबत होता.

या काळात भारतीय रेडिओ बाजारात एक जपानी चिप घरोघरी पोहोचली: सान्योची एलए ४४४०. ‘४४४० ची किट’ एवढे म्हटले की दुकानदार समोर ठेवी. मोटारीच्या विजेसाठीच बनवलेल्या या चिपवर असंख्य तरुणांनी अँप्लिफायर जोडायला शिकले.

१२/२१
या चिपचे माहितीपत्रक आजही वाचण्याजोगे आहे, कारण त्यातील आकडे प्रामाणिक आहेत. १३.२ व्होल्टांवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक चॅनेलला ६ वॅट. हिशेब करून पाहता येतो. १३.२ व्होल्टांत संकेताला मध्यापासून प्रत्येक दिशेला कमाल ६.६ व्होल्ट मिळतात. त्याचे परिणामी मूल्य, म्हणजे आरएमएस, ४.६७ व्होल्ट. वर्ग करून ४ ने भागले की सुमारे साडेपाच वॅट. वरचा अर्धा वॅट १० टक्के विकृती पत्करून मिळवलेला.

दोन्ही चॅनेल एकाच स्पीकरच्या दोन टोकांना उलट दिशांनी जोडले, तर दाब दुप्पट आणि शक्ती चौपट होते. याला ‘ब्रिज’ म्हणतात. हिशेबाने २१.८ वॅट, पत्रकात १९.

१३/२१
म्हणजे बारा व्होल्टांच्या मोटारीत, दाब न चढवता, एका ४ ओहमच्या स्पीकरला किती शक्ती मिळू शकते? इंजिन चालू असताना दाब १४.४ व्होल्ट धरला, तरी ब्रिज करून स्वच्छ संकेताचे सुमारे २६ वॅट. प्रत्यक्षात वीसच्या आसपास.

मग डेकच्या तोंडावर ‘५० वॅट गुणिले ४’ का छापलेले असते? संकेत पूर्ण चिरडून त्याची चौकोनी लाट केली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. हाच तो पन्नासचा आकडा. अंकगणिताने खरा, कानासाठी निरुपयोगी. कारण त्या अवस्थेत गाणे उरत नाही, खरखर उरते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

१४/२१
आकड्यांची ही स्पर्धा जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत घरगुती अँप्लिफायर ‘पीक’, ‘म्युझिक पॉवर’ अशा मोजमापांनी विकले जात. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला: किती ओहमवर, किती विकृतीला, सतत किती वॅट मिळतात, ते सांगा. मोटारीतील अँप्लिफायर त्या नियमाबाहेर राहिले. त्यांच्यासाठी अमेरिकी उद्योगानेच २००३ मध्ये सीईए-२००६ हे ऐच्छिक मानक आणले: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का विकृती.

भारतात १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’चे युग अवतरले. टेबलावरच्या म्युझिक सिस्टिमवर हजारो वॅट छापले जाऊ लागले. बडा घर, पोकळ वासा. त्या आकड्याची मोजण्याची एकच मान्य रीत कधीच नव्हती.

१५/२१
मग खरे तीनशे वॅट हवेत, तर? १९३० च्या दशकातील धडा पुन्हा गिरवावा लागला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतील जिम फॉसगेट यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी मोटारीसाठी स्वतंत्र अँप्लिफायर घडवले. आजच्या अशा अँप्लिफायरच्या आत एक परिवर्तक असतो. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून दाब चढवतो. थरथरत्या पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला, युक्ती तीच.

परंतु शक्ती फुकट येत नाही. दाब चढवला की बॅटरीकडून प्रवाह अधिक ओढला जातो. ८० टक्के कार्यक्षमतेच्या ‘क्लास डी’ अँप्लिफायरने ३०० वॅट दिले, तर १३.८ व्होल्टांवर सुमारे २७ अँपिअर लागतात. जुन्या ‘क्लास एबी’ला, ५५ टक्के धरल्यास, चाळीसच्या आसपास.

१६/२१
येथे सबवूफरची गरज कोठून आली, तेही पाहू. ढोलाचा घुमारा निर्माण करायला हवा फार हलवावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढाच मोठा आवाज राखण्यासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. दारातला सहा इंची स्पीकर तेथे थकतो. म्हणून सुमारे ८० हर्ट्झखालचा भार स्वतंत्र सबवूफरकडे सोपवण्याची पद्धत रूढ झाली.

त्याचा लाकडी डबा ही शोभेची वस्तू नव्हे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्पीकर व डबा यांचे एकत्र गणित मांडले. सबवूफरच्या पत्रकातील ‘थील-स्मॉल’ आकडे ते हेच. डबा चुकला, तर अँप्लिफायर कितीही मोठा असो, आवाज गुरगुरतो. ठोका लागत नाही.

१७/२१
सबवूफरमध्ये पुष्कळदा दोन कॉइल असतात. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल एकापुढे एक जोडल्या की ८ ओहम, समांतर जोडल्या की २ ओहम. असे दोन सबवूफर असतील आणि चारही कॉइल समांतर जोडल्या, तर १ ओहम. ओहम जितके कमी, तितका अँप्लिफायर अधिक शक्ती देतो आणि तितकाच अधिक तापतो.

नेमके येथे अनेकांचे पैसे जळतात. २ ओहमपर्यंतच टिकणाऱ्या अँप्लिफायरवर १ ओहमचा भार टाकला की तो बंद पडतो किंवा जळतो. ब्रिज करताना आणखी एक सापळा असतो. ४ ओहमचा स्पीकर ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेलला तो २ ओहमचा वाटतो.

१८/२१
आता जुळवणी. लग्नाआधी पत्रिका पाहतात, तशी येथे दोन्हीकडची माहितीपत्रके शेजारी ठेवायची. उदाहरणार्थ, सबवूफर ३०० वॅट आरएमएस, दोन कॉइल, प्रत्येकी ४ ओहम. समांतर जोडून २ ओहम. तर एका चॅनेलचा असा अँप्लिफायर हवा, जो २ ओहमवर सुमारे ३०० वॅट आरएमएस देतो. दारांतील चार स्पीकर ५० वॅट आरएमएस, ४ ओहमचे. तर चार चॅनेलचा, ४ ओहमवर ५० वॅट देणारा.

एकूण ५०० वॅट. सबवूफरसाठी क्लास डी आणि दारांसाठी क्लास एबी धरल्यास पूर्ण भाराला पन्नासहून अधिक अँपिअर. गाण्याची सरासरी याहून बरीच कमी असते. तरीही छोट्या मोटारीच्या अल्टरनेटरची क्षमता पाहूनच हा बेत ठरवावा. जाड तांब्याची तार आणि बॅटरीजवळच फ्यूज अपरिहार्य. बारीक तार तापून पेट घेऊ शकते.

१९/२१
‘छोटा अँप्लिफायर लावला की स्पीकर सुरक्षित’ ही समजूतही अर्धवट आहे. ५० वॅटचा अँप्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे रेटला, तर लाटेचे शेंडे कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेची शक्ती मूळच्या दुपटीपर्यंत जाते. त्या उष्णतेत नाजूक ट्वीटर प्रथम जातो. अँप्लिफायरवरचे ‘गेन’चे बटण आवाज वाढवण्यासाठी नसते, डेककडून येणारा संकेत, २ व्होल्टांचा असो वा ४, अँप्लिफायरच्या आवाक्याशी जुळवण्यासाठी ते असते.

वॅटच्या मागे धावण्याआधी आणखी एक आकडा पाहावा: संवेदनशीलता. वॅट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. ९२ डेसिबलचा स्पीकर २५ वॅटवर जे करतो, ते ८६ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅटवर जमते. कमी पैशांत चांगला आवाज हवा असणाऱ्यासाठी हा आकडा फार मोलाचा.

२०/२१
शहर दरम्यान बदलत गेले. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा. २०१० मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्रितपणे सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज खरेदी केल्या आणि शहराचे नाव देशभर गाजले.

अशा महागड्या मोटारीत स्पीकर, अँप्लिफायर आणि दाराची पोकळी यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. १९२६ मधील ‘रेडिओला १०४’ची जन्मजात जोडी तेथे परत आली आहे. जुनी मारुती घेणाऱ्या तरुणाला मात्र ती जोडी स्वतः जुळवावी लागते, तीही खोक्यावरच्या आकड्यांच्या भरवशावर. आकडा खोटा असेल, तर त्याची किंमत तोच मोजतो: पैशाने, जळालेल्या कॉइलने आणि कधी कानानेही.

२१/२१
कानाचा हिशेब सर्वांत कठोर आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सुसह्य मानला जातो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. बंद मोटारीतला सबवूफर तेथे सहज पोहोचतो. देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे. गुलमंडीत दुकाने आणि घरे एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे या आकड्यांना तेथे प्रत्यक्ष अर्थ आहे.

विल्सनच्या स्टेडियमपासून ४४४० च्या किटपर्यंत, बॅटरीत जेवढे आहे तेवढेच स्पीकरपर्यंत पोहोचते. म्हणून बाजारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाने ‘किती वॅट?’ एवढ्यावर थांबू नये. किती व्होल्टांवर, किती ओहमवर, किती विकृतीला आणि सतत किती, हे चार प्रश्न विचारावेत. ज्या खोक्यावर या चारांची उत्तरे छापलेली नसतील, त्यावरच्या हजाराला फारसा अर्थ नाही.

(समाप्त)
#इतिहास #मराठवाडा #गुलमंडी